पाठमोऱ्या साइमीचा वाटा

८ मार्च १९९६ रोजी काउको तोल्वानेनने साइमी पोल्लानेनला मासेमारीच्या रापणीतल्या तिच्या वाट्याचे चौदा हजार पाचशे मार्क देऊ केले. साइमीने त्याला कॉफी पाजली, मासे भरून भाजलेल्या काळ्या पावाची जाड चकती पुढे ठेवली आणि नाही म्हणून सांगितलं. आठवडा उलटायच्या आत काउको गावभर सांगू लागला, की मासे वाटताना साइमी लबाडी करते.

दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणून त्यांचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. पण मी गावच्या सहकारी दुकानाचे हिशोब तेहेतीस वर्षं बघतो आहे. आधी किंमत विचारून मग मालात खोट काढणारा माणूस तिसऱ्या खेपेला पुन्हा किंमतच विचारतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आमच्या कुइक्कावेसी सरोवरावर हिवाळ्यात रापण ओढायची ती बर्फाखालून. एका भोकातून जाळं आत सोडतात, दोन्ही बाजूंचे दोर बर्फाखालून पुढे नेतात आणि बऱ्याच अंतरावरच्या दुसऱ्या, मोठ्या भोकातून ते यंत्राने ओढून काढतात. जाळ्याची पिशवी वर आली की बर्फावर मुइक्कूचा ढीग ओतला जातो, वीतभरही नसलेल्या चंदेरी माशांचा. तो पेट्यांत भरून व्यापाऱ्याच्या गाडीत जातो आणि पैसे वाट्याप्रमाणे होतात. त्यावरून भांडण होत नाही. वजनकाटा व्यापाऱ्याचा असतो आणि त्याच्यावर आमचा सगळ्यांचा सारखाच अविश्वास आहे.

भांडण होऊ शकतं ते घरच्या माशांवरून. प्रत्येक ओढीनंतर शेवटची पेटी आणि मुइक्कूबरोबर आलेले मोठे मासे बाजूला काढायचे, वाटे सहा म्हणून त्यांचे सहा ढीग घालायचे, आणि एकाने ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने काठी एका ढिगावर टेकवून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस जे नाव घेईल त्याचा तो ढीग. मग कुणाला हातभर लांबीचा कुहा मासा मिळो, नाहीतर नुसते मुइक्कू मिळोत, तोंडातून शब्द काढायचा नाही. आमच्या आजोबांनी असंच वाटलं आणि त्यांच्या आजोबांनीही.

काठी असायची ताह्वो लोइक्कानेनच्या हातात. तो रापणीचा मालक, म्हणजे सगळ्यांत जुना वाटेकरी. जाळं कुठे टाकायचं ते तो ठरवतो. आणि पाठ असायची साइमीची.

साइमीचा वाटा म्हणजे जाळ्याचा वाटा. जाळं तिच्या नवऱ्याचं, ओट्टोचं. ओट्टो बारा हिवाळ्यांपूर्वी गेला, तेव्हापासून जाळं तिचं आणि ते सांधायचं कामही तिचंच. खरं म्हणजे ते आधीपासूनच तिचं होतं. ओट्टोने लग्नात तिला अंगठीबरोबर जाळं सांधायची सुई दिली होती. "अंगठी सैल झाली, सुई बरोबर बसली," असं ती म्हणते. लग्नाआधी नऊ उन्हाळे तिने डेअरीची होडी वल्हवली. तेव्हा या किनाऱ्याला रस्ता नव्हता. पहाटे उत्तरेच्या टोकापासून निघायचं, प्रत्येक घराच्या धक्क्यावरून दुधाचे कॅन उचलायचे आणि दक्षिणेला डेअरीच्या गाडीवर चढवायचे. तिचे खांदे अजून त्या कामाचे आहेत. ओट्टोची कानपट्ट्यांची टोपी घालून ती बर्फावर पाठमोरी उभी राहिली, की अनोळखी माणूस तिला पुरुष समजतो.

दुकानात तिच्या नावाने उधारी कधी लिहिली गेली नाही. एकदा बारा पेनी कमी पडले म्हणून तिने यीस्टची पुडी परत ठेवली होती. मी म्हटलं, "अगं, उद्या दे." ती म्हणाली, "उद्याचं उद्या घेऊन जाईन." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेली.

तर अशा बाईवर लबाडीचा आरोप.

त्या हिवाळ्यात सगळ्यांचीच डोकी तापलेली होती, त्याला कारण होतं. शरदात मत्स्यसंशोधक येऊन सांगून गेला होता, की मुइक्कूची नवी पिढी विरळ आहे. यंदा जास्त ओढाल तर दोन वर्षांनी नुसतं पाणी ओढाल. आमच्याकडे ज्याची किनाऱ्याला जमीन, त्याचा पाण्यात हिस्सा. त्या सगळ्यांच्या पाणी-मंडळाने ठरवलं की साठ ओढींच्या वर कुणी जायचं नाही, आणि साठच्या आत किती ते प्रत्येक रापणीने आपलं आपण ठरवावं. आमच्या रापणीत मत झालं. काउको आणि पायानेन बंधू, एरो आणि इम्मो, साठ म्हणाले. ताह्वो, साइमी आणि मी चाळीस म्हणालो. तीनास तीन. आमच्यात मतं सारखी पडली की लहान आकडा धरायचा असा रिवाज आहे. म्हणून चाळीस.

काउकोचं दुखणं मला माहीत होतं. राजधानीत त्याचा खोदाईच्या यंत्रांचा धंदा होता, तो मंदीत बुडाला. वडिलांचा वाटा सांभाळायला तो गावी परतला आणि रापणीसाठी दोर ओढायचं नवं यंत्र कर्ज काढून घेऊन आला. साठ ओढी झाल्या तर हप्ता निघत होता, चाळीस झाल्या तर निघत नव्हता. साइमीचा वाटा हातात आला असता तर त्याची दोन मतं झाली असती.

विकत मिळाला नाही तरी वाटा दुसऱ्या रस्त्याने मिळण्यासारखा होता. आमच्या रापणीचा जुना नियम आहे: वाटणीत जाणूनबुजून लबाडी करणाऱ्याचा वाटा जाईल आणि तो जो वाटेकरी आधी मागेल त्याला मिळेल. पाणी-मंडळाची वार्षिक सभा ३१ मार्चला होती. तिथे आरोप सिद्ध झाला असता तर साइमीचा वाटा गेला असता, तिचं मत गेलं असतं आणि एप्रिलच्या बर्फात वीस ओढी जास्त झाल्या असत्या.

काउको दुकानात आला तेव्हा मी कॉफीच्या पुड्या लावत होतो.

"माक्कोनेन, तू हिशोबी माणूस. अकरा ओढींत आठ वेळा मोठा मासा एकाच ढिगात कसा जातो रे?"

"तू मोजलेस?"

"माझ्या ढिगात किती आले ते मोजलं. शून्य मोजायला वेळ लागत नाही."

"नशीब असतं एकेकाचं."

"नशीब? मग त्या बाईने लॉटरी खेळावी. इथं बर्फावर कशाला गारठतेय?" तो काउंटरवर वाकला. "कुठंतरी पाणी मुरतंय, आणि तुलाही ते कळतंय. कळत नसेल तर दुकानाचे हिशोब कुणीतरी पुन्हा तपासायला हवेत."

मी पुड्या लावत राहिलो. पण अकरात आठ म्हणजे अकरात आठ. साइमी मला आवडते, हा काही मुद्दा होऊ शकत नाही. मीही लक्ष ठेवायचं ठरवलं.

पुढच्या ओढीला मी मासे सोडून माणसं बघत उभा राहिलो. बघायला लागलं की सगळंच संशयास्पद दिसतं. ताह्वो दोनदा खोकला. काठी टेकवण्यापूर्वी त्याच्या बुटाखाली बर्फ करकरला. कडाक्याच्या थंडीत त्या आवाजावरून माणूस जवळ आहे की लांब ते आंधळ्यालाही कळेल. शिवाय साइमीचा कुत्रा, मुस्ती. तो ढिगांच्या कडेला बसून शेपटी हलवत होता, आणि मोठ्या कुहाजवळ काठी गेली की ती अंमळ जोरात हलते, अशी मला शंका आली.

एकटा मीच नव्हतो.

"आधी त्या कुत्र्याला बांधा!" काउको ओरडला.

"का? त्याने काय केलं?" ताह्वोने विचारलं.

"तिला खूण करतो."

"तिची पाठ आहे इकडे. खूण बघायला तिच्या टोपीला मागून डोळे आहेत का?"

"मला काय माहीत! त्याची शेपटी बर्फावर आपटते, ते ऐकू येतं."

"मग त्याला वाटेकरीच करा," एरो पायानेन म्हणाला. "मत तरी विचारता येईल."

मुस्तीला नेऊन गाडीला बांधलं. तो वाटणी संपेपर्यंत रडत होता. कुहा साइमीच्याच ढिगात गेला.

साइमी वळली, मासा उचलून पोत्यात टाकला आणि काउकोकडे बघून म्हणाली, "आता कुणाला बांधायचं? ताह्वोला?"

"मालकीणबाई, राग धरू नका. पण पुढच्या ओढीपासून काठी मी धरणार," काउको म्हणाला.

ताह्वोची मूठ काठीवर आवळली. त्या वेळी मी त्याच्याकडेच बघत होतो म्हणून मला दिसलं. तो काउकोवर भडकला नाही. त्याने साइमीकडे बघितलं, चटकन, आणि नजर खाली घातली. चाळीस वर्षांच्या ओळखीत ताह्वो लोइक्कानेनने नजर खाली घातलेली मी पाहिली नव्हती.

"दे त्याला," साइमी म्हणाली. "काठी कुणाची का असेना, पाठ तर माझीच आहे."

काउकोने पहिल्याच ओढीला घाई केली. कुहा असलेल्या ढिगावर सगळ्यांत आधी काठी टेकवली. "हा कुणाचा?"

"इम्मोचा."

इम्मो पायानेन हसला तेव्हा त्याचे पुढचे दोन दात नाहीत हे मला बऱ्याच दिवसांनी पुन्हा दिसलं. दुसऱ्या ओढीला मोठा मासा माझ्याकडे आला आणि लगेच काउकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी उगीचच खिशातले हात बाहेर काढले. साइमीला दोन्ही वेळा नुसते मुइक्कू. काउको खूश होता. "बघितलंत? काठी बदलली, नशीब बदललं."

त्यात तथ्य होतं, आणि मला ते बरं वाटलं नाही. काठी बदलल्याने निकाल बदलत असेल, तर खोट पाठीत असेल किंवा काठीत असेल. काउकोने पाठ धरली होती. मी त्या रात्री जेवताना काठीचा विचार करत होतो.

तिसऱ्या ओढीला काउकोने घाई केली नाही. एका लहानशा ढिगावर काठी टेकवली.

"हा कुणाचा?"

"एरोचा."

काउको थांबला. त्याचे ओठ हलले, देवळात विसरलेली प्रार्थना आठवावी तसे. मग आणखी एक लहान ढीग, इम्मोचा. मग कुहाचा ढीग.

"हा कुणाचा?"

"काउकोचा."

पुढच्या ओढीला मोठा मासा पुन्हा काउकोला. त्याच्या पुढच्या ओढीलाही. तिसऱ्यांदा तो कुहा उचलत होता तेव्हा कुणी हसलं नाही. फक्त दोर ओढायचं यंत्र घरघरत होतं. ते त्याने बंद करायला हवं होतं, पण त्याचे दोन्ही हात माशात होते.

इम्मो दोघा भावांत सावकाश समजला जातो. तोच बोलला.

"काउको, तुला कधी कळलं रे?"

"काय?"

"हेच की ती इम्मो म्हणाली की पुढं काउको म्हणते."

"काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही. मी म्हणजे मागोमाग तू. तुझ्या मागोमाग माक्कोनेन. मग ताह्वो, मग ती स्वतः, मग आमचा एरो, मग परत मी. सुरुवात कुठूनही करते, पण पुढची रांग तीच. आज मी ऐकत होतो. एरवी आपण सगळे आपलंच नाव ऐकायला टपलेलो असतो."

मी मनातल्या मनात किनारा डोळ्यांपुढे आणला. उत्तरेला एरोचा धक्का, मग इम्मोचा, मग तोल्वानेनांचा, मग आमचा, मग लोइक्कानेनांचा आणि शेवटी पोल्लानेनांचा.

"ही दुधाच्या होडीची वाट आहे," मी म्हणालो.

साइमी अजून पाठमोरीच होती. तिने टोपीची एक कानपट्टी वर केली.

"काय म्हणालास?"

"तू नावं घेतेस ती धक्क्यांच्या क्रमाने घेतेस, साइमी."

"मी मिसळून घेते."

"तुला तसं वाटतं."

ती वळली आणि आमच्या तोंडांकडे एकेक करून बघत गेली. तिचे ओठही हलले, आणि तिच्याही बघण्याचा क्रम तोच होता. ताह्वोपाशी ती थांबली नाही. तिथून उलट काउकोकडे आली.

"म्हणजे हे कुहा तू मोजून घेतलेस."

"मी फक्त दाखवून दिलं, की इथं लबाडी होऊ शकते!" काउको म्हणाला. "सभेत सांगायला पुरावा नको?"

"एका माशात दाखवून झालं नसतं? तीन लागले?"

एरो खो खो हसला. काउकोचे कान लाल झाले, आणि ते थंडीने नव्हे.

आता बाकीचं गणित कुणालाही करता आलं असतं. पहिलं नाव ऐकलं की पुढची पाच नावं काठी धरणाऱ्याला आधीच कळतात. अकरात आठ वेळा मासा साइमीकडे गेला होता. उरलेल्या तीन वेळा तिने सुरुवात स्वतःच्या नावाने केली असणार, म्हणजे ताह्वोला अंदाज घ्यायला जागाच उरली नसणार. तो तर नेहमी पहिली काठी सगळ्यांत लहान ढिगावर टेकवायचा. मी ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि म्हाताऱ्याची सवय समजलो होतो.

साइमीनेही गणित केलं.

"किती वर्षं, ताह्वो?"

ताह्वो दोर गुंडाळत होता. "कसली किती वर्षं?"

"दोर ठेव खाली. किती?"

"ओट्टो गेल्यापासून."

"का?"

"जाळं फाटतं सगळ्यांच्या हातून आणि सांधतेस तू एकटी. एक वाटा पुरेसा नाही त्याला."

"मग बैठकीत बोलायचं होतंस. वाटा वाढवून द्या म्हणायचं होतंस."

"बोललो असतो तर मतं झाली असती." त्याने नाक पुसलं. "माशांना मत नसतं."

"आणि मला होतं ना? मला विचारायचं होतंस!"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!" ती इतक्या मोठ्याने ओरडली, की गाडीला बांधलेला मुस्ती भुंकायला लागला. "बारा वर्षं मला भीक वाढलीस तू. आणि मी ती लोण्यात परतून खाल्ली. वर शेजारणीला सांगत होते, की नशीब चांगलं आहे माझं!"

त्या दिवशी तिने आपला ढीग उचलला नाही. मुइक्कू तिथेच गोठले. संध्याकाळी कावळ्यांनी ते नेले, निदान कावळ्यांनीच नेले असावेत.

३१ मार्चच्या सभेत खरी अडचण उभी राहिली. काउकोने तक्रार आधीच नोंदवून ठेवली होती आणि आता ती त्याला मागे घ्यायची होती. ताह्वोकडे बोट दाखवलं तर नियमाने ताह्वोचा वाटा जाणार, पण त्याच नियमाने तीन माशांपायी त्याचा स्वतःचाही जाणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात; काउकोच्या मनात त्या दिवशी भर दुपार होती. तो उठून म्हणाला, "गैरसमज झाला होता. मिटला." आणि खाली बसला.

अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात साइमी उभी राहिली.

"मिटलेला नाही. नियम वाचा."

"साइमी, तक्रारच मागे घेतली आहे."

"मासे मी खाल्लेत. नियम वाचा, आणि माझा वाटा जात असेल तर जाऊ द्या. फुकटचं खाऊन मला वाटा नको."

ताह्वोचा चेहरा पडला. वाटा गेला की मत गेलं आणि चाळीसचे साठ झाले, हे साइमीला कळत नव्हतं असं नाही. तिला दोन्ही कळत होतं. तिला मासे राखायचे होते आणि मानही. काउको मात्र एकाएकी सरळ बसला.

मी उठलो. "नियमात 'जाणूनबुजून' असा शब्द आहे. तिने जाणूनबुजून केलं का, एवढाच प्रश्न आहे."

अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "साइमी पोल्लानेन, नावं ठरावीक क्रमाने येतात हे तुम्हाला माहीत होतं?"

साइमीने हातातल्या टोपीच्या दोन्ही कानपट्ट्या एकेक करून वर बांधल्या.

"पाठ माझी होती," ती शेवटी म्हणाली. "डोळे यांचे होते. डोळ्यांना विचारा."

अध्यक्षांनी खरोखरच एकेकाला विचारलं, क्रम माहीत होता का. एरो नाही म्हणाला. इम्मो म्हणाला, त्या दिवशी कळलं, आधी नाही. मी नाही म्हणालो. काउकोकडे सगळ्यांच्या नजरा गेल्या. हो म्हणावं तर कधी कळलं ते सांगावं लागणार आणि मग तीन कुहा आले कुठून तेही. नाही म्हणावं तर साइमीवरचा आरोप संपला.

"नाही," काउको म्हणाला. "मला काही माहीत नव्हतं. नशीब."

"ताह्वो लोइक्कानेन?"

"मला डाव्या डोळ्याने कमी दिसतं," ताह्वो म्हणाला.

सभागृहात असा हशा झाला, की उजव्या डोळ्याचं विचारायचं राहूनच गेलं. वाटे सहाच्या सहा जागच्या जागी राहिले आणि ओढी चाळीसच राहिल्या. पुढे मुइक्कू वाढला, असं संशोधक म्हणतात. त्यांनी तो मोजला कसा, हे मला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

साइमी मात्र तेवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली.

"माक्कोनेन, बारा हिवाळ्यांच्या जादा माशांचे किती होतात?"

"ते काढता येत नाही, साइमी. काही वेळा मासा तसाही तुझ्याकडे आला असता."

"वाणिज्य शाळेत तुला काय माशा मारायला शिकवलं? काढ."

आम्ही घासाघीस केली. ती आकडा वर नेत होती आणि मी खाली आणत होतो. अशी घासाघीस मी आयुष्यात पहिल्यांदाच केली. शेवटी हिवाळ्याला साठ मार्क ठरले. बारा हिवाळ्यांचे सातशे वीस, पाच जणांत प्रत्येकी एकशे चव्वेचाळीस. उन्हाळी बंगलेवाल्यांची जाळी सांधून तिने ते जमवले. पायानेन बंधूंनी लाजत घेतले. काउकोने मोजून घेतले. ताह्वोने घ्यायला नकार दिला, तेव्हा तिने एकशे चव्वेचाळीस मार्कांची कॉफी माझ्याकडून रोखीने घेतली आणि त्याच्या दारात नेऊन ठेवली. ताह्वो ती वर्षभर प्याला. तिच्याशी मात्र शरदापर्यंत बोलला नाही.

पुढच्या हिवाळ्यापासून काठी पाळीपाळीने धरतात. पाठ साइमीचीच, कारण दुसऱ्या कुणाच्या पाठीवर एकमत झालं नाही. ती आता नावं दक्षिणेकडून उत्तरेकडे घेते आणि तिला वाटतं, की ती मिसळून घेते. आम्ही कुणी तिला सांगत नाही.

तिला खरंच माहीत नव्हतं का? नऊ उन्हाळे ज्या बाईने एकही धक्का चुकवला नाही, तिला आपल्याच तोंडून निघणारी रांग ऐकू आली नसेल? एकदा कुणी नसताना मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तू अजून त्या मालाच्या पेट्या फोडून मोजतोस का रे, कारखान्याने आकडा लिहिलेला असतो त्या?" मी म्हटलं, मोजतो. "मग हेही तूच मोज की," ती म्हणाली.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. ताह्वोची पाळी असते तेव्हा साइमीच्या ढिगात मोठा मासा कधीच जात नाही. एकदाही नाही. नशिबाने इतकं नेमकं होत नाही, म्हणजे हीसुद्धा लबाडीच, फक्त उलट्या दिशेची. या लबाडीची तक्रार करायला मात्र कुणी पुढे आलेलं नाही. मासे आमच्याकडे येतात.

माझे एकशे चव्वेचाळीस तिने एकदम दिले नाहीत. शंभर दिले आणि बाकीचे शरदात माशांच्या अंड्यांचे पैसे आले की देते म्हणाली. त्या शरदात जाळ्याची पिशवी फाटली, अंड्यांचे पैसे नव्या सुतात गेले. ती अजून दुकानात येते तेव्हा आधी "चव्वेचाळीस" म्हणते आणि मग यीस्ट मागते. पुढच्या वसंतात मी निवृत्त होतो आहे.

साइमी पोल्लानेनकडून मला चव्वेचाळीस मार्क येणं आहे.